जिवाला धोका असल्याचा पुरावा

टेलरनं विठ्ठलरावांच्या कमरेचं माप दोनदा घेतलं. पहिलं माप पिस्तुलाशिवाय घेतलं म्हणून विठ्ठलरावांनी ते खोडायला लावलं, आणि मग पिस्तूल कमरेला लावून ताठ उभे राहिले.

"अण्णा, पण कोट उजवीकडनं वर उचलतोय," टेलर चाचरत म्हणाला.

"उचलू दे की. न्हाई उचलला तर लोकांना दिसंल कसं?"

लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. थोरल्या आदिनाथचं लग्न, मंगल कार्यालय माजलगावात, आणि पत्रिका धारूरपासून शिरूर कासारपर्यंत गेलेल्या. आता वरबापाच्या कमरेला काही नसेल तर आलेले चार पुढारी काय म्हणतील? आमच्याकडं माणसाचं वजन काट्यावर करत नाहीत. शर्ट खोचलेला आहे का, आणि खोचलेला असेल तर कशाच्या मागं खोचलाय, एवढं बघतात. बारा वर्षांत विठ्ठलरावांनी त्या पिस्तुलातून एक गोळी झाडली नव्हती. झाडायची कशी हेही त्यांना धड आठवत नव्हतं. पण ते पिस्तूल कमरेला आहे म्हणून बैठकीत खुर्ची पुढच्या रांगेत मिळत होती, हे मात्र खरं.

तेवढ्यात त्यांची लेक सायली हातात कागद घेऊन आली. सायली बीडला वकिली शिकते, त्यामुळं घरात कागद आला की तिच्याच हातात जातो.

"अण्णा, परवान्याची नोटीस आलीय."

"नूतनीकरण असंल. कर सही."

"नूतनीकरण न्हाई. सगळ्या परवान्यांची फेरतपासणी चालूय. तुमच्या जिवाला धोका असल्याचा पुरावा आठ दिवसांत द्या म्हणलेत. न्हाई दिला तर परवाना रद्द, पिस्तूल ठाण्यात जमा."

विठ्ठलराव मटकन खाली बसले. टेलरची फीत त्यांच्या कमरेभोवतीच राहिली.

"आरं बाप रे! आन् लगीन?"

"लग्नाचं त्यात काय लिवलेलं न्हाई."

"आगं पण बारा वर्सामागं दिलताच की पुरावा! सोसायटीच्या इलेक्शनात डोक्यात दगड बसलाता माझ्या."

स्वयंपाकघरातून छबुबाई पदराला हात पुसत आल्या. "त्यो दगड आंब्याला मारलाता कुणीतरी. तुमी खाली हुबं होता म्हणून लागला."

"तू गप बस. अर्जात हल्ला लिवलाय."

"लिवा की मग आता बी. पर नाव कुणाचं टाकताव? तुमाला मारायला बसलंय कोण?"

आणि इथं विठ्ठलरावांना पहिला खरा धक्का बसला. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. बांधाचं भांडण? मागच्याच साली मोजणी आणून मिटवलेलं. भाऊबंद? सगळे लग्नाच्या कामाला जुंपलेले. राजकारणातले विरोधक? कालच दोघे येऊन चहा पिऊन गेले होते. साठ वर्षांचं आयुष्य, त्यातली तीस राजकारणात, आणि एक माणूस जिवावर उठलेला नाही! त्यांना भयंकर अपमान वाटला.

"म्हंजी मी काय एवढा फालतू माणूस हाय का गं?" त्यांनी अगदी रडवेल्या आवाजात विचारलं.

"फालतू कावून? चांगलं हाव म्हणून कुणी मारंना," छबुबाई म्हणाल्या. पण हे चांगलेपण घेऊन काय करायचं होतं?

ते तिरमिरीत शेतावर गेले. उसाला तोड चालू होती. शिरूरकडच्या टोळीतली भिवराबाई मोळी बांधत होती. मालकाचं तोंड बघून तिनं विचारलं, तसं विठ्ठलरावांनी सगळं सांगून टाकलं. माणसाला दुःख सांगायला कुणीतरी लागतंच.

भिवराबाईनं कोयता खाली ठेवला. "धोका असल्याव सरकार पिस्तूल देतंय?" तिचे डोळे मोठे झाले. "मंग मला कावून न्हाई दिलं मालक? गेल्या म्हैन्यात ह्याच फडात बिबट्या आलता. तवा तुमी ट्रॅक्टरच्या टपावर चढलताव, आन् मी कोयत्यानं कळशी बडवून त्याला हाकललं."

"तवा पिस्तूल घरी कपाटात व्हतं."

"आन् किल्ली?"

"किल्ली हिच्याकडं असती."

"मंग मालकीणबाईंच्या नावावर करा की परवाना," भिवराबाई म्हणाली आणि पुन्हा मोळीकडं वळली. विठ्ठलराव घाईत असल्यासारखे तिथून निघाले ते थेट धर्मराजच्या दारात.

धर्मराज हा विठ्ठलरावांचा तीस वर्षांचा विरोधक. सोसायटी असो, ग्रामपंचायत असो, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला तो. बाकी दोघांचं बरं होतं.

"धर्मराज, मला धमकी दे," विठ्ठलराव बसायच्या आधीच म्हणाले.

धर्मराजच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. "काय द्यू?"

"जिवं मारायची धमकी. लई नड हाय बघ."

"आवो इठ्ठलराव, डोक्यावर परिणाम झाला का काय? घरात लगीन तुमच्या! सत्यभामा, आगं पाणी आन गं, ह्येंना घेरी आली वाटतं."

सत्यभामावहिनी पाणी घेऊन आल्या. विठ्ठलरावांनी पाणी पिऊन सगळा प्रकार समजावून सांगितला. धर्मराजनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाला, "म्हंजी तुमचं पिस्तूल जानार, वजन जानार. आन् मग मी तीस वर्सं कुनाच्या विरोधात हुबा ऱ्हायलो? बिनवजनाच्या मानसाच्या? त्यात माझी बी शोभा न्हाई." असा विचार आमच्याकडचा विरोधकच करू जाणे! "देतो धमकी. पर फोनवर न्हाई जमनार, मला हसू येतंय. लिवून देतो."

धर्मराजनं आयुष्यभर निवेदनंच लिहिली होती. दुसरं काही लिहायची हाताला सवय नव्हती. त्यानं कपाटातून 'माजी चेअरमन' छापलेलं लेटरपॅड काढलं आणि झरझर लिहिलं:

"प्रति, श्री. विठ्ठलराव यांस. विषय: आपणास जिवे मारणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपली वागणूक न सुधारल्यास आपणास जिवे मारण्यात येईल. होणाऱ्या परिणामास आपण स्वतः जबाबदार राहाल, याची नोंद घ्यावी. कळावे, आपला विश्वासू."

खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. विठ्ठलरावांनी कागद वाचला आणि त्यांचा ऊर भरून आला. "लई झ्याक लिवलंय गड्या," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्यांच्या नजरेतून सगळ्यात खालची ओळ सुटली. धर्मराजनं तीही सवयीनंच लिहिली होती: "प्रत माहितीस्तव: १) मा. तहसीलदार. २) मा. पोलीस निरीक्षक. ३) सर्व पत्रकार बांधव."

आणि सवयीनंच त्यानं दुसऱ्या दिवशी तिन्ही ठिकाणी प्रती पोचवून पोचही घेतली.

तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. 'ज्येष्ठ नेते विठ्ठलराव यांना लेखी धमकी, तालुक्यात खळबळ.' सायलीनं ती मोठ्यानं वाचली आणि छबुबाईंच्या हातातली परात खाली पडली.

"आगं बाई! धर्मराजभावजी? परवा तर आदिनाथला हळदीची कापडं दिऊन गेलेत की!"

विठ्ठलरावांची पंचाईत झाली. खरं सांगावं तर सायली म्हणाली होती, खोटा पुरावा दिला तर सरळ गुन्हा दाखल होतो. ते नुसते "बघू, बघू" म्हणत राहिले, आणि लोकांना वाटलं, अण्णा घाबरलेत! मग काय विचारता. दुपारपर्यंत गाव बंद झालं. चौकात डिजिटल बॅनर लागलं, त्यावर विठ्ठलरावांचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'अण्णांच्या केसाला धक्का लागला तर याद राखा'. फाट्यावर रास्ता रोको झाला. उसाचे ट्रॅक्टर दोन तास अडकले. विठ्ठलराव प्रत्येकाला "आरं नका, आरं लगीन हाय, शांततेत घ्या" म्हणत हिंडत होते आणि लोक म्हणत होते, बघा, एवढं होऊनसुद्धा माणूस किती मोठ्या मनाचा!

संध्याकाळी पोरांनी धर्मराजचा पुतळा करायला घेतला. पुतळ्याला जुना सदरा हवा होता. तो मागायला कुणीतरी सरळ धर्मराजच्याच घरी गेलं. सत्यभामावहिनींना वाटलं, शेतात बुजगावणं उभं करायचं असेल. त्यांनी सदरा तर दिलाच, वर एक टोपीही दिली. तो पुतळा जाळला धर्मराजच्या घरासमोर. ठिणगी उडाली आणि शेजारची कडब्याची गंजी धडधड पेटली. मग घोषणा देणाऱ्यांनीच बादल्या आणून ती विझवली, त्यात सगळ्यात पुढं विठ्ठलराव होते.

"आवो, हे काय होऊन बसलं?" धर्मराज काजळलेल्या तोंडानं म्हणाला. "उद्या खरंच जीव घेतील की माजा!"

दुसऱ्या दिवशी दोघांनाही ठाण्यात बोलावणं आलं. साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले, शांत बोलणारे. त्यांनी पत्र समोर ठेवलं.

"धर्मराज, ही सही तुमची?"

धर्मराजनं विठ्ठलरावांकडं पाहिलं. विठ्ठलरावांनी छताकडं पाहिलं.

"माजीच हाय साहेब. शिक्का बी माजाच."

"म्हणजे यांच्या जिवाला तुमच्यापासून धोका आहे. बरोबर, विठ्ठलराव?"

"व्हय साहेब," विठ्ठलराव पुढं सरसावले. "लई धोका हाय. म्हणून म्हणतो, स्वसंरक्षणासाठी पिस्तूल पायजे. जीव वाचवायचा हक्क तर कायद्यानंच दिलाय ना?"

"हक्क दिलाय. पिस्तूल दिलेलं नाही, त्याला परवाना लागतो," साहेब म्हणाले. "आणि तुमचं तर उघड वैर निघालं. गाव बंद, रास्ता रोको, जाळपोळ. एवढ्या भांडणातल्या माणसाच्या कमरेला मी पिस्तूल राहू देऊ? उद्या काही झालं तर? परवाना रद्द करण्याचा अहवाल पाठवतोय. पिस्तूल आत्ता जमा करा."

विठ्ठलराव टेबलावर वाकले. "आवो साहेब, धोका न्हाई म्हणलं तर परवाना रद्द. धोका हाय म्हणलं तरी रद्द. मग त्यो मिळतो तरी कुणाला?"

"बारा वर्षांपूर्वी तुम्हाला कसा मिळाला, हे मीही तुमच्या फायलीत शोधतोय," साहेब म्हणाले. तसं विठ्ठलरावांनी चटकन पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. डोक्यात आंब्याचं झाड उभं राहिलं.

साहेब धर्मराजकडं वळले. "तुम्ही दोघंही चांगल्या वागणुकीचं हमीपत्र लिहून द्यायचं. आणि तुमचा पुतळा जळाला, गंजी पेटली. यांच्या माणसांकडून तुमच्या जिवाला भीती वाटते का?"

"वाटती साहेब!" धर्मराज म्हणाला. सगळ्या प्रकरणात मनापासून बोललेलं हे एवढं एकच वाक्य. "रात्रभर डोळा लागला न्हाई बघा."

"ठीक आहे. पंधरा दिवस तुमच्याबरोबर आमचा एक माणूस राहील."

अहो, ठाण्यातून बाहेर पडताना काय ते दृश्य! विठ्ठलरावांची कमर रिकामी, आणि धर्मराजच्या मागं खाकी वर्दीतला रायफलवाला शिपाई! आमच्याकडं पिस्तूल पैसेवाल्या कुणालाही मिळायचं हो, पण सरकारी गार्ड आमदाराच्या खालच्याला मिळत नाही. गावात धर्मराज उतरला तर कालपर्यंत त्याच्या पुतळ्याला काडी लावणारे आज गार्डबरोबर फोटो काढायला रांगेत उभे. धर्मराजही आता एकदम हळू चालायला लागला होता.

विठ्ठलरावांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. "पिस्तूल बी गेलं आन् वजन बी त्याच्याकडं गेलं," एवढंच ते म्हणत. छबुबाईंनी समजूत काढून पाहिली, पण गडी काही ऐकेना.

लग्नाच्या दिवशी कार्यालय गच्च भरलं होतं. धर्मराज आला आणि माणसं आपोआप बाजूला झाली. मागं गार्ड. पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्यांनी उठून त्याला जागा दिली. कसंही असलं तरी रीत ती रीत. मानाच्या पाहुण्याला फेटा वरबापानंच बांधायचा. विठ्ठलराव भगवा फेटा घेऊन, मन घट्ट करून धर्मराजकडं निघाले, तोच गार्डनं हात आडवा घातला.

"थांबा. तुमीच विठ्ठलराव का?"

"व्हय. कावून?"

"मागं सरका. दहा फूट."

सनईवाला वाजवायचा थांबला.

"आरं बाबा, लगीन माझ्या पोराचं हाय!" विठ्ठलराव थक्क होऊन म्हणाले.

"असंल. पर माझ्याकडच्या कागदात धोका म्हणून तुमचंच नाव हाय." शिपायानं खिशातून कागद काढला. "'विठ्ठलराव यांच्यापासून जिवास गंभीर धोका संभवतो.' ही बघा साहेबाची सही."

"आवो जाऊ द्या की, आमचं काय न्हाई..." धर्मराज ओशाळून उठायला लागला.

"तू खाली बस!" विठ्ठलराव गरजले. त्या आवाजानं गार्डनं रायफल सावरली आणि पुढच्या रांगेतला एक पुढारी खरोखरच खुर्चीसकट मागं सरकला. विठ्ठलरावांनी ते पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. त्यांनी सभोवार नजर फिरवली. हजार-दीड हजार माणसं श्वास रोखून त्यांच्याकडं बघत होती, आणि त्यांना अडवायला सरकारनं रायफल उभी केली होती.

"काय म्हणला? गंभीर?"

"गंभीरच लिवलंय."

विठ्ठलरावांनी फेटा सायलीच्या हातात दिला आणि मोजून दहा पावलं मागं आले. मग छाती काढून, कार्यालयाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "जमादारसाहेब, त्या कागदाची एक झेरॉक्स मिळंल का?"