चौगुले अण्णांची वाकडी भाकरी

चौगुले अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसाकडे नाही, पाकिटाकडे बघतात. आपण ‘या, बसा’ म्हणेपर्यंत टीपॉयवरचा बिस्किटांचा पुडा त्यांच्या हातात असतो, तोही उलटा. चष्मा कपाळावर चढवून ते मागची बारीक अक्षरं वाचतात आणि मग पुडा जागेवर ठेवतात. चेहरा असा, की जणू घरात कुणीतरी गेलंय आणि आपल्याला अजून कळवलेलं नाही.

“सर, पुढचं चित्र बघून खाताय. मागचं वाचलंय का?”

मी कॉलेजात जन्मभर पुस्तकंच शिकवली. पण माझ्या वाचनावर इतका उघड संशय आजवर कुणी घेतला नव्हता.

गंमत अशी, की अण्णा साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाचा मळकट रस पांढराशुभ्र करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. याची आठवण करून दिली तर ते चिडत नाहीत. “म्हणून तर सांगतोय की! मी आतनं बघितलंय.”

गेल्या वर्षी त्यांनी घरातून मैदा, साखर आणि तयार मसाले हद्दपार केले. यापुढे धान्य, कडधान्य, भाजी, दूध. कारखान्यातून निघालेलं काही नाही. आणि स्वयंपाक ते स्वतः करणार. तोवर पाण्याचा तांब्या भरून घेण्यापलीकडे त्यांची स्वयंपाकघराशी ओळख नव्हती.

अशा घोषणांवर माझा विश्वास नाही. खुर्ची गेली की माणसाला एखादी मोहीम लागते. कुणी हास्यक्लब काढतो, कुणी पार्किंगचे नियम करतो. अण्णांनी जोंधळा धरला, एवढंच मी समजलो.

अण्णांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, त्याआधी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. वाचल्या, पण उजव्या हातातलं बळ गेलं. आमच्या गल्लीत भाकरी म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं, त्या आता स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसून असत. बोलणंही थांबल्यासारखंच झालं होतं. विचारलं तेवढं उत्तर द्यायच्या, बाकी वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहायच्या.

अण्णांनी कामाला सुरुवात केली ती कारखान्याच्या पद्धतीने. सीझन सुरू व्हायच्या आत माल भरून ठेवायचा ही जुनी सवय. पोतंभर जोंधळा एकदम दळून आणला. पिठात ओतायचं गरम पाणी थर्मामीटर लावून मोजलं. पहिले काही दिवस भाकऱ्या बऱ्यापैकी झाल्या म्हणे. पुढं पुढं थापायला घेतली की भाकरीला चारी बाजूंनी भेगा पडायला लागल्या. मी एकदा नेमका तेव्हाच गेलो होतो. अण्णा परातीतले तुकडे जोडत होते आणि मागून आवाज आला.

“आवं, पिठाची विरी गेली! जोंधळ्याचं पीठ कुणी महिनाभर ठेवतंय व्हय? चिकटपणा राहतोय का त्याला? शिकल्याला माणूस तुम्ही!”

काकू बोलत होत्या. सलग. अण्णा पिठाच्या हातांनी खाली मान घालून उभे होते.

मग त्यांनी मला हुलग्याच्या उसळीला बोलावलं. दुसऱ्याच घासाला दाढेखाली खडा आला.

“खडा बी नैसर्गिकच की,” अण्णा म्हणाले.

“हुलगं निवडून घ्यायचं असत्यात,” काकू खुर्चीतून कडाडल्या. “का लॅबमधी न्हाई शिकवलं?”

हात धुताना मी दाढ चाचपत म्हणालो, “अण्णा, पलीकडच्या गल्लीत एक मावशी भाकऱ्या करून देतात. त्यांना का सांगत नाही?”

अण्णांनी मला दंडाला धरून जिन्यात आणलं आणि दार लोटून घेतलं. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी प्रथमच ऐकला.

“मावशी झ्याक करंल. मग हिनं काय करायचं? सर, दवाखान्यातनं आल्यापास्नं ही गप हुती. काय केलं तरी गप. त्या दिवशी भाकरी तुटली तवा पहिल्यांदा वरडली माझ्यावर.” त्यांनी डोळ्यांवरून मनगट फिरवलं. “तिला आजारी म्हणून खाऊ घातलं तर घास उतरत न्हाई. माझं खूळ म्हणून खाती.”

मी घरी आलो.

परवा सकाळी सहज गेलो. काकू बाहेर व्हरांड्यात चालायचा व्यायाम करत होत्या. आत तव्यावर भाकरी टम्म फुगली होती, चंद्रासारखी गोल. दुरडीत तशाच आणखी दोन. मी काही बोलणार तोच काकूंच्या काठीचा आवाज दाराशी आला. अण्णांनी तव्यावरची भाकरी दुरडीत सारून गोल भाकऱ्यांवर फडकं टाकलं, परातीतल्या भाकरीची कड अंगठ्याने दाबली आणि तशीच वाकडी तव्यावर टाकली. ती भाजून झाल्यावर माझ्या ताटात वाढली आणि ते दही आणायला बाहेर पडले.

काकू खुर्चीत बसल्या. फडक्याखालच्या दुरडीकडे बघत म्हणाल्या, “लई दिस झालं, गोल जमतीया त्यास्नी.”

मी दचकलो. “तुम्हाला ठाऊक आहे?”

“थापायचा आवाज कानावर येतोय की, सर. जन्म गेला माझा त्यात. हात बसलाय त्यांचा. मी समोर असले की शेवटाला थांबत्यात आणि कड दाबत्यात.”

“मग रागावता कशाला?”

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

“मी गप बसले तर त्यांनी काय करायचं?”

जिन्यात चपला वाजल्या. अण्णा दह्याचं भांडं घेऊन आत येतात तोच काकूंनी माझ्या ताटाकडे बोट केलं आणि आवाज चढवला.

“आवं, ही भाकरी हाय का गडहिंग्लज तालुक्याचा नकाशा? पावण्याला असलं वाढत्यात?”

“जमंल गं हळूहळू,” अण्णा म्हणाले. चेहरा पडलेला दाखवायचा त्यांचा प्रयत्न होता, पण तो काही त्यांना साधला नाही.

मी भाकरीची वाकडी कड मोडून तोंडात टाकली. पीठ ताजं होतं.