ज्याले येते त्यानं उजवा हात

शिकवणं मले कोणी शिकवाची गरज नव्हती. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. वाडीच्या गोडाऊनमध्ये मी वीस वर्षं सुपरवायझर होतो. पंजाबचा ड्रायव्हर, छत्तीसगडचा हमाल आणि आमच्या मालकाचा जावई, या तिघायले एकच गोष्ट एकाच वेळी समजावून सांगणारा माणूस आहो मी. आणि सरकार म्हणते, सातवीच्या पोट्ट्यायसमोर उभं राहाचं असन तर पात्रता आणा. ट्रक चालवाले लायसन लागते हे मी समजू शकतो. ट्रक उलटते. इतिहासाच्या तासाले काय उलटते?

पण गरज होती. वाडीतल्याच एका शाळेच्या सचिवानं शब्द दिला होता, "मधुसूदनभाऊ, तीन वर्षांनी आमचे इतिहासाचे सर रिटायर होतात. डिग्री आणा, टीईटी काढा, जागा तुमची." इतिहासाचं एम.ए. माह्याजवळ होतंच, पंचवीस वर्षांपासून पेटीत. बी.एड. दोन वर्षांचं, आणि बी.एड.-एम.एड. एकत्र तीन वर्षांचं. मी तीनचं घेतलं.

आमची बायको प्रेमिला म्हणे, "काहून? दोनमध्ये भागते ना."

"अवं, अकोल्याच्या तिकिटात थोडेसे टाकले का शेगाव होते. अकोल्यात काहून उतरू?"

"शेगावले दर्शन तरी होते," ती म्हणे, आणि भाजी चिराले लागली.

पहिल्याच वर्षी सूक्ष्म अध्यापन नावाचा एक खेळ असते. सहा मिनिटं एकानं मास्तर व्हायचं, बाकीच्या मोठ्या माणसायनं पोट्टे व्हायचं. मी इतका मन लावून पोट्टा झालो का शिकवणारीचा डस्टर गायब केला आणि सगळे खडू पाण्यात भिजवून ठेवले. आमच्या कॉलेजच्या भैरवी मॅडमनं मले वर्गाबाहेर काढलं. वय सत्तेचाळीस, डोळ्याले चष्मा, गुडघ्याले पट्टा, आणि मी व्हरांड्यात उभा! भूमिका चांगली वठवणं हा गुन्हा आहे का, तुम्हीच सांगा.

या भैरवी मॅडम माह्या पुतणीच्या वयाच्या. माही पाठाची वही त्यायनं चारदा लाल करून वापस केली.

"मधुसूदनजी, यात विद्यार्थ्यांची कृती कुठे आहे?"

"मॅडम, विद्यार्थी ऐकून राहिले ना."

"ऐकणं ही कृती नाही."

आमच्या घरी वीस वर्षांपासून मी तेवढी एकच कृती करून राहिलो, पण ते लिहायले वहीत रकाना नव्हता.

असं करत करत तिसरं वर्ष आलं. टीईटी पहिल्या फटक्यात काढली. आता राहिला फक्त अंतिम पाठ. लकडगंजच्या एका शाळेत सातवीच्या वर्गावर पस्तीस मिनिटं शिकवायचं, आणि बाहेरून आलेले परीक्षक मागच्या बाकावर बसून मार्क देणार. नापास झालो तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर जागा गेली, कारण सचिवाचा साळा नुकताच बी.एड. झाला होता आणि रोज संध्याकाळी सचिवाच्या घरी जेवून राहिला होता.

मग मी डोकं लावलं. हे डोकं माहं एकट्याचं नाही, इन्स्पेक्शनच्या दिवशी कितीक शाळांत चालते. प्रश्न विचारला का सगळ्या वर्गानं हात वर करायचा. ज्याले येते त्यानं उजवा, ज्याले नाही येत त्यानं डावा. मास्तरनं फक्त उजव्यायले विचारायचं. पाहणाऱ्याले वाटते, काय हुशार वर्ग आहे बाप्पा!

आदल्या दिवशी मी वर्गात गेलो. हेडबाई दारातच घुटमळून राहिल्या होत्या, म्हणून 'उजवा' आणि 'डावा' हे शब्द मी तोंडातून काढलेच नाही. टेबलासमोर उभं राहून हात करून दाखवला. हळूच म्हटलं, "येते, त्यानं हा. नाही येत, त्यानं तो. समजलं?"

"हाव सर," पूर्ण वर्ग म्हणे.

इतकी शिस्त पाहून मलेच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. विश्वनाथ सर, रामटेकचे, रिटायर होऊन दहा वर्षं झालेले. मागच्या बाकावर बसले, गुडघे बाकात मावेना म्हणून तिरपे झाले. बाजूले भैरवी मॅडम. मी फळ्यावर विषय लिहिला, 'शिवाजी महाराजांचे आरमार', आणि वळून पहिला प्रश्न टाकला.

"महाराजायनं आरमार काहून उभारलं?"

चाळीस हात वर! विश्वनाथ सर बाकातल्या बाकात सावरून बसले. मी आरामात उजवे हात शोधले आणि पहिल्या रांगेतल्या अर्णवकडं बोट केलं.

अर्णव उभा झाला. माह्याकडं असा पाहाले लागला जसा मी त्याचा डबा खाल्ला.

"सर, मले नाही येत."

असते एखादा घाबरट. मी दुसऱ्या उजव्याले उठवलं. त्याले नाही येत. तिसरीले उठवलं. ती तर रडकुंडीले आली, "सर, मी तर बरोबर हात केला होता."

तेव्हा माही नजर काजलवर गेली. काजल वर्गातली सगळ्यात हुशार पोट्टी, आणि ती डावा हात वर करून बाकावरून अर्धी उठली होती. मी काल त्यायच्याकडं तोंड करून उभा होतो. कवायतीच्या तासाले समोरच्या सरचा हात ज्या बाजूले जाते त्याच बाजूचा हात हे पोट्टे उचलतात, रोजची सवय. माहा उजवा त्यायच्या डाव्यासमोर होता. पूर्ण वर्ग उलटा शिकवून ठेवला होता मी.

ठीक आहे, मनात म्हटलं, आता डाव्यायले विचारू. पण पोट्टे काय बसून राहतात? सर नेमके न येणाऱ्यायलेच उठवून राहिले हे दिसताबरोबर अर्णवच्या पूर्ण टोळीनं हात बदलले होते. मी एका डाव्याले उठवलं.

"सर, मले बी नाही येत."

काजलनं तिकडं दोन्ही हात वर केले होते. मले वाटलं, दोन्ही हात म्हणजे हिले अर्धं येते आणि अर्धं नाही, म्हणून मी तिले सोडून बाजूच्याले विचारलं. तिनं दोन्ही हात खाली घेतले आणि घडी घालून बसली.

दहा मिनिटं गेली होती, आणि वर्गातल्या एकाही पोट्ट्याले आरमार काय असते हे माहीत नाही असं विश्वनाथ सरच्या वहीत जमा झालं होतं. सचिवाचा साळा मले डोळ्यासमोर जेवतानी दिसाले लागला. माहा रागच अनावर झाला.

"अर्णव, काहून येत नाही गा तुले?"

"सर, मी समुद्रच नाही पाह्यला. मी अंबाझरी तलावापर्यंतच गेलो."

घ्या. आता याले आरमार कसं शिकवाचं? मी वही बंद केली. "चाल, अंबाझरी तर अंबाझरी. तुह्या घराले समोरून भिंत आहे, फाटक आहे, कुत्रा आहे. मागून तलाव आहे. चोर कुठून येईन?"

"मागून."

"कशावर बसून?"

"डोंग्यावर."

"मग तू काय करशीन?"

"मी बी डोंगा ठेवीन," अर्णव म्हणे. त्याच्या मागचा म्हणे, "एकानं काय होते बे, दहा ठेवा लागन." तिसरी म्हणे, "आणि पाण्यात किल्ला बांधा लागन, नाहीतर डोंगे ठेवणार कुठं?" पाच मिनिटांत त्या पोट्ट्यायनं अंबाझरीत सिंधुदुर्ग उभा केला. मी तर नुसता मधात उभा होतो. वाडीच्या गोडाऊनात मागच्या दारानं होणाऱ्या चोऱ्यायचे किस्से सांगता सांगता घंटा कधी झाली ते मलेच कळलं नाही.

विश्वनाथ सर हळूहळू बाकातून निघाले. खुश दिसून राहिले होते. "काय पोट्टेहो, कसा वाटला तास?"

काजल उभी झाली. "बिलकुल नाही आवडला. सरनंच काल सांगतलं, येते त्यानं हा हात करायचा. मी पूर्ण वेळ करून राहिली, आणि सरनं मले एकदाही नाही विचारलं. न येणाऱ्यायलेच विचारलं."

भैरवी मॅडमनं डोळे मिटून घेतले. मी सचिवाच्या साळ्याले मनातल्या मनात नमस्कार केला.

विश्वनाथ सर माह्याजवळ आले. "काल कसा दाखवला हात? यायच्याकडं तोंड करून?"

"हाव सर."

"भैताडच आहात," ते हळूच म्हणे. "मी बी माह्या अंतिम पाठाले हेच केलं होतं. फक्त फळ्याकडं तोंड करून दाखवलं होतं."

मग त्यायनं पेन काढला. पास केलं. पन्नासपैकी चाळीस. शेऱ्यात लिहिलं, 'न येणाऱ्या विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष. पूर्वतयारी सदोष.' पूर्वतयारी सदोष! पूर्ण तासात तयारी केलेली तेवढी एकच गोष्ट होती.

जूनमध्ये वाडीची जागा मले मिळाली. सचिवाचा साळा आता दुसरीकडं जेवते. पंधरा दिवसांपूर्वी मी आणि प्रेमिला लकडगंजले सामान घ्यायले गेलो, तर भर बाजारात काजल समोर उभी. ना नमस्कार, ना काही.

"सर, आता विचारा."

"काय विचारू बाई?"

"आरमार काहून उभारलं."

लोक थांबून पाहाले लागले. मी विचारलं. तिनं हाताची घडी घातली आणि सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज, किनारपट्टी, व्यापार असं एका दमात धडाधड सांगतलं. प्रेमिला तर कौतुकानं पाहूनच राहिली.

"आणि सर," काजल जाता जाता म्हणे, "तुम्ही त्या दिवशी सिद्दीचं नावच नाही घेतलं."