सवाचारचे पावणेपाच

तक्रारदार : यशवंत रामराव घोरपडे, वय त्रेपन्न, धंदा अर्जलेखन, राहणार दांडिया बाजार, बडोदे, पहिला मजला.
ज्यांच्याविरुद्ध : वसंत नारायण साळवी, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी चष्म्याच्या काचा घासणे, राहणार तीच इमारत, दुसरा मजला.
प्रकाराची वेळ : दररोज सकाळ-संध्याकाळ, रहिवासी जिन्यातून ये-जा करतात तेव्हा.
साक्षीदार : (१) कु. मृणाल, तक्रारदाराची कन्या. (२) हसमुखभाई, इमारतीच्या मंडळाचे मंत्री, म्हणजे चिटणीस. (३) जिना वापरणारे सर्वजण.

हे मथळे गेल्या भाद्रपदात मी स्वतः, शाईच्या पेनाने, समास सोडून लिहिले. वाचकांनी ते तूर्त तसेच राहू द्यावेत. अखेरीस त्यांत एक दुरुस्ती करावयाची आहे.

वसंतराव साळवी माणसाला नावाने हाक मारीत नसत, चष्म्याच्या नंबराने मारीत. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी खुर्ची टाकून ते बसत आणि खाली पाऊल वाजले की वरूनच विचारीत, "कोण, मायनस तीन? आज लवकर?" हसमुखभाई हे 'डावा दीड, उजवा दोन' होते. दूध घालणाऱ्या बाईंना चष्माच नव्हता, म्हणून त्या 'कोरी पाटी'. आणि कचेरीच्या फाटकाबाहेर ज्याच्या टेबलापुढे लोक 'साहेब, साहेब' म्हणत उभे राहतात, तो मी त्यांच्या लेखी 'प्लस दोन' होतो. यावर मी एकदा हरकत घेतली. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, की चाळिशीनंतर हा नंबर सगळ्यांनाच येतो, त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

लहरीपुऱ्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात त्यांनी अडतीस वर्षे काचा घासल्या. समोरच्या माणसाच्या नाकावरचा चष्मा परवानगीवाचून उतरवावा, सदऱ्याच्या टोकाने पुसावा, उजेडाकडे धरून मागे-पुढे हलवावा आणि नंबर सांगावा, ही त्यांची सवय. यंत्राशी ताडून पाहिले तर फार तर पावाचा फरक निघे, आणि तो यंत्राचा, असे त्यांचे म्हणणे.

परंतु 'लेझर' हा शब्द जिन्यात कोणी उच्चारला, तर त्या माणसाची सुटका नसे. तिसऱ्या मजल्यावरचे नवे जावई पहिल्यांदाच जेवायला आले असता सहज बोलून गेले, की डोळ्यांचे लेझर करावे म्हणतो. त्यांना वसंतरावांनी दुसऱ्या मजल्यावर अडवले, आणि वर पुऱ्या थंड झाल्या. वर्षभरात नंबर हलला का? लेन्स घालता का, आणि तपासणीच्या दोन आठवडे आधीपासून बंद ठेवणार का? डोळे कोरडे पडतात का, चुरचुरतात का? कसल्या गोळ्या चालू आहेत? बुबुळावरच्या पडद्याची जाडी कोणी मोजली? चाळिशीत वाचायचा चष्मा तरीही लागेल, हे कोणी सांगितले का? आणि शेवटी त्यांचे ते ठरलेले वाक्य : "घाई कोणाला आहे, डोळ्याला की तुम्हाला?"

लेझरला त्यांचा विरोध नव्हता, हे नोंदवणे न्यायाचे होईल. त्यांच्या सख्ख्या भाच्याने करून घेतले होते आणि त्याचे उत्तम चालले होते. ते एवढेच म्हणत, "मी काच चुकीची घासली तर गिऱ्हाईक दुसरी मागतं. या काचेला दुसरी नाही."

माझी मृणाल तेवीस वर्षांची. नोकरी करते आणि गरबा खेळते. मागच्या नवरात्रात तिचा चष्मा फेरात पडून दहा-बारा पायांखाली गेला, आणि उरलेला वेळ ती कोणालाही न ओळखता खेळली. तेव्हापासून तिने लेन्स लावायला सुरुवात केली, आणि या नवरात्रापूर्वी लेझर करायचेच असे ठरवले. खरे तर तिच्याहून मीच अधिक ठरवले. मुलगी चष्म्याविना बरी दिसेल, असे मी एकदा नव्हे, अनेकदा बोललो होतो.

वसंतरावांनी तिला जिन्यात गाठलेच. ती पायरीवर बसून सगळे प्रश्न ऐकत राहिली, मधूनमधून हसली. होळीनंतर तिचा नंबर वाढला होता आणि त्याच दिवसापासून जिन्यात तिला 'सवाचार'ऐवजी 'पावणेपाच' अशी हाक सुरू झाली होती. मुरुमांसाठी ती गोळ्या घेते, हेही तिने त्यांना सांगितले. ते म्हणाले, की हे सगळे फॉर्मवर लिही, लपवू नकोस. ती म्हणाली, "फॉर्म बाबा भरणार आहेत, काका. ते बरोबर लिहितील."

हे मी दाराआडून ऐकले आणि मला राग आला. माझ्या मुलीचा नंबर सगळ्या इमारतीत गाजतो, पाहुण्यांना कळतो, याचा तो राग होता. त्याच आठवड्यात मी उपरोक्त तक्रार लिहिली. तिच्या चौथ्या परिच्छेदात मी असे मांडले, की 'सदर इसम अर्जदाराच्या कन्येस होळीपर्यंत ऋण सवाचार व होळीनंतर ऋण पावणेपाच असे जाहीरपणे संबोधितो, तेणेकरून कुटुंबाची बेअब्रू होते.' अकरा सह्या मिळाल्या. बहुतेकांनी न वाचता केल्या. माझे अक्षर पाहून लोक सही करतात.

आणि त्याच टेबलावर, त्याच पेनाने, मी दवाखान्याचा फॉर्म भरला.

आमच्या घरातून शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या जोडणीपर्यंत एकही कागद दुसऱ्याच्या अक्षरात बाहेर गेलेला नाही. नववीपर्यंत शिकलेला माणूस, पण माझा अर्ज कचेरीतून कधी परत आला नाही, आणि त्यामागे एक रीत आहे. रकान्यात 'हो' लिहिले की पुरावा मागतात, पुरावा जोडला की त्यात खोट निघते. म्हणून आजार, कर्ज, खटला, काहीही विचारलेले असो, आमच्या धंद्यात 'नाही' लिहितात. दवाखान्याचा फॉर्म गुजरातीत होता. मी वरपासून खालपर्यंत सुबक 'ना' लिहीत गेलो. लेन्स? ना. वर्षभरात नंबरात फरक? ना. गोळ्या? ना. मृणालने सही केली. तिनेही वाचले नाही. तिला माझ्यावर विश्वास होता.

तपासणीच्या दिवशी तिने मला न विचारता वसंतरावांना बरोबर घेतले. रिक्षात मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईंनी खात्रीसाठी फॉर्म मोठ्याने वाचायला घेतला. पहिल्या 'ना'ला मृणालने मोबाइलमधून मान वर केली. दुसऱ्याला वसंतरावांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहू लागलो. तक्त्याची शेवटची ओळ मला दिसत नव्हती, तरी मी ती फार लक्षपूर्वक पाहत होतो.

वसंतराव पुढे झाले आणि त्यांनी बाईंना थांबवले. यातली तीन उत्तरे चुकली आहेत, म्हणाले : मुलगी लेन्स घालते, कालपर्यंत घातली होती, नंबर सहा महिन्यांपूर्वी अर्ध्याने वाढला आहे आणि गोळ्या चालू आहेत. बाईंचा स्वर चढला. "फॉर्म कोणे भर्युं?"

मी तोंड उघडले. ते मला उघडता आले, एवढे मी प्रतिज्ञेवर सांगू शकतो.

"में, बेन," वसंतराव म्हणाले. "चश्मां घेर रही गयां हतां."

चष्मा घरी राहिला होता म्हणे. ज्या माणसाला आम्ही कोणी चष्म्यावाचून पाहिलेले नाही, आणि ज्याच्या नाकावर तो त्या क्षणीही होता, त्याने हे सांगितले. बाईंनी चारचौघांत त्यांना झापले, की येत नसेल तर भरू नये, हा डोळ्यांचा प्रश्न आहे. ते मान हलवीत राहिले. मी तक्ता वाचीत राहिलो.

डॉक्टरांनी मृणालला नीट समजावले : लेन्स बंद ठेवून पुन्हा मोजमाप, गोळ्या संपल्यावर डोळ्यांच्या कोरडेपणाची तपासणी, आणि नंबर वर्षभर एका जागी थांबलेला दिसल्याखेरीज लेझर नाही. तपासणीत हे उघड झालेच असते, अशी समजूत मी मनाची घालतो. झालेही असते. पण माझे उत्तर त्यामुळे खरे होत नाही. चौथ्या परिच्छेदात नंबर वाढल्याची तक्रार करणारा आणि फॉर्मात तो वाढला नाही म्हणणारा हात एकच होता.

घरी आल्यावर मृणाल एवढेच म्हणाली, "बाबा, तुमचं अक्षर मला चष्मा काढूनही ओळखू येतं."

त्याच संध्याकाळी हसमुखभाई माझ्या तक्रारीवरचा मंडळाचा ठराव घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. मी त्यांना जिन्यात थांबवू शकलो असतो. परंतु आजवर मी स्वतःचा अर्ज कधी मागे घेतलेला नाही, या विचारात ते वर पोचले.

दुसऱ्या दिवसापासून वसंतराव सर्वांना नावाने हाक मारू लागले. "या हसमुखभाई." "नमस्कार, यशवंतराव." ठरावाचे पालन अक्षरशः झाले, आणि जिना एखाद्या कचेरीच्या जिन्यासारखा झाला. दूध घालणाऱ्या बाईंनी मला विचारले, "काका रागावले का हो? मला कोरी पाटी म्हणत नाहीत." मृणाल नवरात्रात चष्मा घालूनच खेळली. चष्म्याच्या दांड्यांना बांधलेली मऊ काळी दोरी मानेमागे आवळलेली होती. ती कोणी करून दिली, हे मी विचारले नाही.

दसऱ्यानंतर मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज दोन प्रतींत लिहून वर गेलो. वसंतरावांनी खुर्ची दिली, एक जाड वही पुढे केली आणि मृणालच्या पानावर पुढच्या तपासणीचा महिना लिहायला सांगितला. "तुमचं अक्षर चांगलं आहे," म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.

वहीत इमारतीतल्या प्रत्येकाचे पान होते. पोरांना पहिला चष्मा लागला त्या दिवसापासूनचे नंबर, वर्षावर्षाने. मृणालचे पान शोधताना पहिलेच पान उघडले. 'सौ. कुसुम. मायनस नऊ.' वसंतरावांच्या पत्नी कुसुमवहिनींना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या नावाखाली त्यानंतरच्याही सहा ओळी होत्या, दरवर्षी एक, आणि प्रत्येक ओळीत तेच शब्द : 'तपासले. फरक नाही.' टेबलावर त्यांचा जाड काचांचा चष्मा होता. काचांवर बोटाचा एक ठसा नव्हता.

"सापडलं पान?" त्यांनी आतून विचारले.

मी सापडले म्हणालो. चहा घेतला. अर्जाच्या दोन्ही प्रती अजून माझ्या खिशात आहेत.

सबब, वरील मथळ्यांत तक्रारदार आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, या दोघांची नावे अदलाबदल करून वाचावीत. साक्षीदार तेच राहतील. मागणी एकच : श्री. वसंत नारायण साळवी यांनी प्रस्तुत अर्जदारास जिन्यात, सर्वांसमक्ष, मोठ्याने, पूर्वीप्रमाणे नंबराने हाक मारावी. हल्ली वाचताना कागद लांब धरावा लागतो, तेव्हा 'प्लस दोन' हा नंबर आता बरोबर नसावा. तो तपासून वहीत नोंद व्हावी. या रकान्यात अर्जदार 'हो' लिहीत असून, पुरावा म्हणून स्वतः हजर राहण्यास तयार आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत, पहिल्या मजल्याच्या पायरीवर,
यशवंत रामराव घोरपडे