मऊ कापडाचा ठराव

रविवार, १५ जानेवारी २००६. हजर: अण्णा परब, अध्यक्ष, त्यांची मुलगी अश्विनी, नववा महिना, आणि शेजारीण म्हणून मी. गैरहजर: सुमतीवहिनी.

सुमतीवहिनी म्हणजे अण्णांची बायको. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पण अण्णा हजेरीतून त्यांचं नाव वगळत नाहीत, आणि आमच्या इमारतीत तसं सांगायला कोणी जातही नाही.

अण्णांना सभेची खोड आहे. भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी, पण घरचा फ्रीज बदलायचा तरी सभा, आणि तिथे अध्यक्ष तेच. मला टिपणं काढायची सवय, म्हणून लिहायला मी. त्यांचं पालुपद एकच: "विषय काय, ठराव काय, काम कुणाचं?"

त्या दिवशी मात्र विषयापाशीच अडखळले. "सदर विषय... बायकांचा आहे. पोरगी बाथरूममध्ये रडत होती. म्हणाली, 'काही नाही अण्णा, थोडं काळं पडलंय.' मी डाळीचं पीठ आणि हळद आणून दिली. तरी रडतेय. तुम्ही बघा बाई." एवढं बोलून अध्यक्ष खुर्चीसकट गॅलरीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

अश्विनीने हळूच सांगितलं. छातीची बोंडं आणि भोवतीचं वर्तुळ काळंभोर झालेलं, त्यावर बारीक पुटकुळ्या. तिने ते पीठ लावून इतकं घासलं होतं की आता चुरचुरत होतं. त्यात सकाळी गाऊनवर पिवळट, चिकट थेंब दिसले.

"काकू, मला काही झालंय का? बाळाला पाजता येईल ना? आई असती तर तिला विचारलं असतं."

"अगं, शेवटी शेवटी होतं असं. माझंही झालं होतं, दोन्ही वेळा. रंग नंतर बराचसा उतरतो. त्या पुटकुळ्यांमुळे कातडी तेलकट, मऊ राहते. घासायचं नाही, साबण नाही, नुसतं पाणी. आणि थेंब म्हणजे चीक, बाळाचं पहिलं दूध. पिळून बघत बसू नकोस. रक्त दिसलं, गाठ लागली, तर लगेच डॉक्टरीणबाईंकडे."

गॅलरीतून आवाज आला, "पण आत्ताच गळून गेलं, तर बाळाला शिल्लक काय?"

ज्या माणसाने भाईंदरचं पाणी टाकीत काठी बुडवून मोजलंय, त्याला दुसरं काय सुचणार!

"अण्णा, ती टाकी नव्हे, झरा आहे. बाळ ओढेल तसं येतं."

गॅलरीतून पुन्हा आवाज, "म्हणजे टँकर नको?"

अश्विनी खुदकन हसली. डोळे पुसायचे राहूनच गेले.

ठराव झाला: घासणं बंद. गाऊनच्या आत मऊ सुती कापडाच्या घड्या, ओल्या झाल्या की बदलायच्या. "कापडाचं काम माझं," अध्यक्ष म्हणाले.

मग रोज माझ्या दारात नमुने. नवा रुमाल आणला. मी म्हटलं, खरखरीत आहे. बनियन आणलं.

"हे तुमचं, अण्णा?"

"धुतलंय हो!"

फ्लॅनेलचा तुकडा आणला. म्हटलं, उकडेल तिला.

मग दोन दिवस आलेच नाहीत. मीच गेले. सुमतीवहिनींचं कपाट उघडं होतं. त्याला अण्णांनी आजवर कुणाचा हात लागू दिला नव्हता. खाटेवर वहिनींच्या रोजच्या साडीच्या चौकोनी घड्या, कडा दुमडून शिवलेल्या. टाके वेडेवाकडे.

"सगळ्यात मऊ हीच निघाली," अण्णा म्हणाले. "कपाट उघडत नव्हतो, म्हणून उशीर झाला."

अश्विनीने एक घडी गालाला लावली आणि तशीच धरून ठेवली.

अण्णांच्या मांडीवर वहिनींचीच आणखी एक साडी होती, निळी. ती फाडायची नाही, बाळाला गुंडाळायची. फक्त खालचा फॉल टोचेल म्हणून चष्मा नाकावर ओढून ते उसवत बसले होते. मी म्हटलं, द्या इकडे, पाच मिनिटांचं काम.

"नको. हिने हाताने घातलेत टाके," ते म्हणाले. "सावकाश काढतो."

फॉल अर्धा उसवलाय. उरलेला अर्धा अजून बाकी आहे. काम अण्णांचं.