सतरा पानांचा अर्ज

आमच्या शेजारच्या पेशकारचाचांना ताक हवं असलं की ते अर्ज करीत. तोंडानं कधी मागायचे नाहीत. उर्दूत लिहिलेला कागद घेऊन ओट्यापाशी यायचे. सासूबाईंना कुठलंच अक्षर येत नव्हतं, म्हणून चाचा स्वतःच तो वाचून दाखवायचे, "अर्जदाराच्या पोटात जळजळ असल्याकारणानं एक तांब्या ताक मिळण्याची मेहेरबानी व्हावी." सासूबाई म्हणायच्या, "मंजूर." मग ताक ओतायच्या.

एकदा आमच्या शेळीनं त्यांची मेंदी खाल्ली. चाचांनी शेळीच्या नावानं तक्रार लिहिली. मूळ कागद आम्हाला दिला आणि नक्कल शेळीच्या खुंट्याला अडकवली. ती शेळीनं खाल्ली. चाचांनी मूळ कागदावर शेरा मारला, 'नक्कल पोचली.'

निजामाच्या राज्यात ते इथं परंड्याच्या तहसीलीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं कागद मांडायचं काम. तीस वर्षांत आपण लिहिलेला एकही अर्ज परत आला नाही, असं ते सांगत. अर्ज नामंजूर होतो तो माणसाच्या नशिबानं नव्हे, मजकुराच्या कच्चेपणानं, हे त्यांचं ठाम मत. मजकुराला ते मजमून म्हणत. गल्लीतल्या एका सोयरिकीला मुलीकडच्यांनी नकार दिला तेव्हाही चाचा म्हणाले, "मजमून कच्चा पडला."

त्यांना बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. एक धाकटी बहीण होती, ती पोलीस अ‍ॅक्शननंतर नवऱ्याबरोबर कराचीला गेली. नवरा तिकडंच वारला. दोन-तीन महिन्यांनी तिचं पत्र यायचं. एका पत्रात तिनं लिहिलं की डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, चिरून घ्यायची भीती वाटते, तेव्हा दिसतंय तोवर एकदा येऊन तोंड दाखवून जा.

चाचांनी खटपट करून पासपोर्ट मिळवला. आता त्या देशाचा व्हिसा पाहिजे होता. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेत शिकवायचे. छापील फॉर्म भरून अर्ज इंग्रजीत करून द्यायचं त्यांनी कबूल केलं. पण ते दिवसभर शाळेत, आणि चाचांना मजमून सुचायचा दुपारी. म्हणून चाचांनी मराठीत सांगायचं, मी लिहून घ्यायचं आणि संध्याकाळी मास्तरांनी त्याचं इंग्रजी करायचं, असं ठरलं. माझी चौथी झालेली आणि अक्षर बरं.

मी दाराच्या आत उंबऱ्याला टेकून बसायची. चाचा ओट्यावर, माझ्याकडं पाठ करून, तोंड रस्त्याकडं. परक्या घरच्या सुनेकडं बघू नये म्हणून ते सगळा अर्ज रस्त्याला सांगायचे. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटायचं आपल्यालाच काही म्हणतायत. एक बांगड्या विकणारी बाई तर थांबून ऐकत बसली आणि शेवटी म्हणाली, "द्या की हो त्यांना काय पाहिजे ते."

पहिला अर्ज दोन पानी होता. फॉर्मात एक रकाना होता, ज्यांच्याकडं जायचं त्यांचं पूर्ण नाव. चाचांनी सांगितलं, "लिवा, एक इज्जतदार पर्दानशीन बेवा खातून." म्हणजे पडद्यातली विधवा बाई.

संध्याकाळी मास्तर म्हणाले, साहेब, इथं नाव पाहिजे. चाचा ताठ झाले.

"मास्तर, सरकारी कागद शंभर हातांतनं फिरतो. शिपाई वाचतो, टपालवाला वाचतो. माझ्या बहिणीचं नाव शिपायाच्या तोंडी घालू?"

छत्री उचलून गेले ते आठ दिवस आले नाहीत. ताकाचाही अर्ज नाही. मास्तरांनी हार मानली आणि अर्ज तसाच धाडला.

तो परत आला. वर लिहिलं होतं, माहिती अपुरी. चाचांनी ते मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं. "अपुरी म्हणजे कमी पडली. मजमून कच्चा पडला. लांबवू या."

दुसरा अर्ज सात पानी झाला. तो चाचांच्या पणज्यापासून सुरू झाला. पणजा किल्ल्यातल्या तोफेला तेल लावायचा. आजोबांना कुठला आजार होता, वडिलांनी किती घोडे पाळले, हे सगळं त्यात आलं. नावाच्या रकान्यात, 'अर्जदाराची सख्खी धाकटी बहीण, जिचा स्वभाव शांत आहे.' तोही परत आला. माहिती अपुरी.

तिसरा सतरा पानी. माझी बोटं दुखून गेली. त्याला चाचांनी नकाशा जोडला. किल्ला, आमची गल्ली, त्यांचं घर, आमचं घर, आमचं तुळशीवृंदावन, शेळीचा खुंटा, आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या दोन दिवस धुसफुसत होत्या. आपली तुळस त्या परक्या कचेरीत कशाला धाडली, म्हणायच्या. नावाच्या रकान्यात या वेळी होतं, 'वरीलप्रमाणे.'

मास्तर म्हणाले, अहो, वर कुठंच नाही. चाचा म्हणाले, "सतरा पानांत कुठंतरी असंलच."

महिन्यानं सगळा गठ्ठा रजिस्टरनं परत आला. नकाशासुद्धा. त्या एका रकान्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला होता. दुसरं काही लिहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कराचीचं पत्र आलं. चाचांनी ते उघडलं आणि ओट्यावर बसले. आधी मला वाटलं, वाचतायत. मग रस्त्याकडं बघतच म्हणाले, "अक्षर तिचं न्हाई, सूनबाई. शेजारणीकडनं लिहून घेतलंय. आता निस्ता उजेड तेवढा कळतो म्हणती."

त्या दिवशी त्यांनी मजमून सांगितला नाही. मी दौत घेऊन बसून राहिले. चाचांशी मी आपण होऊन कधी बोलत नसे, ते विचारतील त्याला हो-नाही तेवढंच. पण त्या दिवशी मी बोलले. पाठीशीच बोलायचं असल्यामुळं जमलं असावं.

मी सांगितलं की पहिल्या निवडणुकीच्या आधी मतदारांची यादी करायला माणूस दारात आला होता. त्यानं माझं नाव विचारलं. परक्या माणसाला आपलं नाव कसं सांगायचं, म्हणून मी म्हणाले, मास्तरांची बायको. त्यानं खूप विचारलं, मी तेच म्हणाले. मग यादी आली, तीत मी नव्हते. सासूबाईंनी धीटपणानं नाव सांगितलं होतं, त्या मत देऊन आल्या. मी घरी भाकऱ्या केल्या.



"पुढच्या खेपेला तो माणूस आला तेव्हा सांगितलं," मी म्हणाले. "त्यानं लिहून घेतलं आन् शेजारच्या घरी गेला. काय झालं न्हाई, चाचा."

ते उठले. गल्लीत खालवर बघितलं. बांगडीवाली लांब होती, ती वळेपर्यंत थांबले. मग पहिल्यांदाच दाराकडं तोंड केलं, उंबऱ्याशी वाकले आणि जमिनीकडं बघत हळूच म्हणाले, "महताबबी."

मी लिहिलं. चाचा लगेच वळून पुन्हा रस्त्याकडं तोंड करून बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

चौथा अर्ज अर्ध्या पानाचा झाला. सरकारला एवढासा कागद द्यायचा याची चाचांना फार लाज वाटत होती. निदान तोफ तरी घाला, म्हणत होते. मास्तरांनी घातली नाही.

व्हिसा आला. चाचा कुर्डुवाडीच्या मोटारीत बसले तेव्हा आमची सगळी गल्ली पोचवायला गेली होती. सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, तीही न मागता. चाचांना ते बेकायदा वाटलं, पण घेतली.

ते परत आले तेव्हा मी ओटा झाडत होते. मी आत गेले आणि उंबऱ्याशी बसले. चाचा नेहमीसारखे पाठ करून बसले. प्रवासाचं सांगितलं, समुद्राचं सांगितलं, तिकडच्या चहात साखर जास्त म्हणाले. बहिणीचं काही येईना. शेवटी मीच विचारलं, ओळखलं का त्यांनी?

तिला दिसत नव्हतं, म्हणाले. दारात पावलं वाजली तशी तिनं आतनं विचारलं, कोण आहे. चाचा वाटभर काय बोलायचं ते जुळवत गेले होते. तिथं एक अक्षर आठवेना.

"मग?"

"मग तिचं नाव घेतलं. अम्मा गेल्यापास्नं ते कुणी घेतलं नव्हतं बघा. सासरी दुल्हन झाली, मग भाभी झाली, मग बेवा. मी बी पत्रात हमशीराच लिवायचो, म्हंजे बहीण. ऐकून लहान पोरीवाणी हसली. म्हनली, भाईजान, आनखी एकदा म्हणा."

बाहेरून एक बैलगाडी गेली. चाचांनी तिला जाऊ दिलं.

"तीस दिवसांचा व्हिसा होता, सूनबाई. तीस दिवस तेवढंच काम केलं."