पिंटोचा उतार

पार्वतीबाईंनी चुलीवर पाणी उकळत ठेवलं होतं. लोणच्याच्या मोठ्या बरणीचं झाकण फुटलं होतं, आणि फोनोची जुनी तबकडी गरम पाण्यात मऊ करून बरणीच्या तोंडावर दाबली की तिच्यासारखं झाकण दुसरं नाही, हे हैदराबादेतल्या जामबागेतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. त्यासाठी त्यांनी देवरावांना गौलीगुड्याच्या जुन्या बाजारात पिटाळलं होतं. देवराव तबकडी घेऊन आले खरे, पण बायकोच्या हातात देईनात.

"आणा इकडं. पाणी आटायला लागलं."

"थांब गं. फाशी देण्याआधी कैद्यालासुद्धा विचारतात, तुझं काही म्हणणं आहे का. हिलाही एकदा बोलू दे."

तबकडीवर नाव होतं ऑगस्टीन पिंटो, आणि वाद्य सॅक्सोफोन. लग्नाच्या बँडमध्ये हुक्क्यासारखं वाकडं पितळी वाद्य असतं तेच हे, इतकीच देवरावांची त्या विषयातली विद्या. त्यांनी फोनोला चावी दिली. अर्थात अर्धी.

ही अर्ध्या चावीची भानगड आधी सांगायला हवी. फोनो देवरावांच्या वडिलांचा, शंकररावांचा. शंकरराव निजामाच्या दफ्तरात आयुष्यभर कागद राखून राखून इतके जपणारे झाले होते की स्वतःची जांभईसुद्धा पुरती देत नसत. त्यांचा दंडक होता, "चावी अर्धीच द्यायची. स्प्रिंग ताणली की तुटते, आणि तुटली तर मी रोज स्वप्नात येईन." शंकरराव गेले, दंडक राहिला. परिणाम असा की त्या घरात कुठलंही गाणं शेवटाला आलं की दम टाकायचं. नाटकातलं पद असो, भजन असो, सनई असो, सूर हळूहळू खाली यायचा, लय रेंगाळायची आणि शेवटची ओळ गायक जणू झोपेतच म्हणायचा. देवरावांनी पाळण्यात असल्यापासून हेच ऐकलं होतं. खरा मोठा कलावंत असाच उतरत उतरत संपतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. रेडिओवरचे लोक गाणं उभ्याउभ्या का संपवतात? तर त्यांना घड्याळाचा धाक असतो म्हणून.

घरची आरतीसुद्धा तशीच. पहिलं कडवं खणखणीत, दुसरं बसकं, आणि तिसऱ्याला सगळं कुटुंब तळघरात उतरल्यासारखं. गणपतीत गल्लीतले लोक टाळ्या वाजवत केव्हाच मोकळे व्हायचे आणि मागे हे घर म्हशी रवंथ करतात तसं घुमत राहायचं. एका वर्षी म्हणे तो सूर ऐकून समईच्या ज्योतीसुद्धा खाली बसल्या होत्या.

पार्वतीबाईंना लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, की दोष गवयाचा नाही, चावीचा आहे. पण सासऱ्यांच्या हयातीत ते बोलायची सोय नव्हती, आणि नवऱ्याच्या हयातीत बोलून उपयोग नव्हता.

तर सुई टेकली, आणि घरात कुणीतरी दार न वाजवता घुसलं. हत्तीला पडसं झालं असेल आणि त्यातच त्याचं कुणावर तरी प्रेम बसलं असेल, तर तो जसा बोलेल तसा तो आवाज होता. वळचणीची कबुतरं उडाली ती थेट मूसा नदीपलीकडे जाऊन बसली. देवरावांचा चष्मा नाकावर थरथरू लागला. पिंटो गुरगुरत होता, विनवत होता, मध्येच शिवी हासडल्यासारखं काहीतरी करून पुन्हा लाडात येत होता. आणि मग चावी संपत आली. सूर आधी जिना उतरला, मग विहिरीच्या पायऱ्या उतरला, मग सरळ विहिरीतच गेला.

देवरावांचे डोळे भरून आले. "पार्वती, हा माणूस आपल्या घराण्यातला आहे."

"पाणी आटलं," पार्वतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बरणीवर फडकं बांधलं.

ते साल होतं हैदराबाद राज्याच्या वाटणीचं. मराठी मुलूख मुंबईला, कानडी म्हैसूरला, तेलुगू आंध्राला, आणि मुलखाबरोबर कारकूनही. देवरावही सरकारी कारकून, मूळ गाव परभणीकडचं, म्हणून ते मुंबईच्या वाट्याला जाणार होते. ते गाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गावानेही त्यांना पाहिलं नव्हतं, त्यामुळे दोघांची एकमेकांबद्दल काही तक्रार नव्हती. पण जामबाग सोडायला देवराव तयार नव्हते. बरं, जुने मराठी कागद वाचायला कचेरीत एक माणूस ठेवावाच लागणार होता. जागा एक आणि उमेदवार दोन, देवराव आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे सूर्यभान. कुणाला ठेवायचं हे हशमतअली साहेबांच्या हातात होतं. सूर्यभान साहेबांना रोज पेरू आणून देत. देवरावांकडे पेरूचं झाड नव्हतं.

"देवराव, आज चेहरे पे क्या नूर है! बंबई जारे सो खुशी है क्या?" दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी विचारलं.

"नक्को साब, बंबई का नाम नक्को लेओ. कल पिंटो कू सुना. सॅक्सोफोन."

साहेब खुर्चीत ताठ झाले. कारण त्यांचीही एक अडचण होती. कर्नूलहून त्यांच्या डोक्यावर नवे साहेब येऊन बसणार होते, नरसिंहम नावाचे, आणि त्याआधी एकदा कचेरी पाहायला ते आले होते. त्यांना म्हणे जाझचं वेड होतं. आणि हा पिंटो तर सिकंदराबादेतच एका हॉटेलात दर रविवारी संध्याकाळच्या चहाला वाजवत असे. नव्या साहेबांना तिथे न्यायचं हशमतअलींनी कबूल केलं होतं, पण जाझमध्ये मान कुठे हलवायची हे त्यांना माहीत नव्हतं.

"उस में सुनने का क्या होता, मियाँ?"

"उतार, साब!" देवराव खुलले. "चढना तो कोई भी चढता. पिंटो आखिर में जैसा उतरता, वैसा दुनिया में कोई नईं उतरता."

साहेबांनी ते पाठ केलं आणि नरसिंहम साहेबांना ऐकवलं. नरसिंहम साहेबांनी मद्रासेत पुष्कळ जाझ ऐकलं होतं, पण हे काही कानावर आलं नव्हतं. आता तसं कबूल कसं करायचं? ते म्हणाले, "अर्थात. उतारासाठीच तर यायचं." मग त्यांनी ते आणखी चार अधिकाऱ्यांना सांगितलं. रविवार उजाडेपर्यंत सिकंदराबादेत उतार माहीत नसलेला एकही सुशिक्षित माणूस उरला नव्हता.

"आप भी साथ चलो," साहेब देवरावांना म्हणाले. "उतार दिखा देओ, फिर बंबई-वंबई भूल जाओ."

देवराव ठेवणीतली शेरवानी चढवून गेले. पुढच्या टेबलाशी दोन्ही साहेब, मागे अधिकारी आणि त्यांच्या बायका, मध्ये नाचणारी जोडपी. पिंटो उभा राहिला. ठेंगणा, टक्कल पडलेला, पोट पुढे आलेला माणूस. त्याने फुंकर मारली आणि देवरावांच्या शेरवानीची बटणं झंकारली. तबकडीतून येत होता तो या माणसाचा नुसता वास होता. अख्खा माणूस आज समोर होता. कपातला चहा शहारला. देवराव मुंबई विसरले, परभणी विसरले, नोकरी विसरले. आणि मग पिंटो शेवटाकडे आला, चढला, आणखी चढला, आणि टोकावर जाऊन खाडकन थांबला.

टाळ्या पडल्या. दोन्ही साहेबांनी मात्र देवरावांकडे पाहिलं.

"उतरा नईं," हशमतअली पुटपुटले.

"गरम होरा साब. दूसरे में उतरता."

दुसऱ्यात उतरला नाही, तिसऱ्यातही नाही. नरसिंहम साहेब घड्याळ पाहू लागले. मध्यंतरात देवराव धावत पिंटोकडे गेले. तो घाम पुसत बसला होता.

"पिंटोसाब, उतार कब करते?"

"कौनसा उतार, मॅन?"

"रेकॉर्ड में करते ना आप! आखिर में!"

"हम? कभी नहीं. कौन बोला?"

आता वादाला वेळ नव्हता. देवरावांनी डोळे मिटले, घरच्या आरतीचं स्मरण केलं आणि पिंटोचीच धून पिंटोला गाऊन दाखवली. जिना, पायऱ्या, विहीर. वाढपी तबकं घेऊन जागच्या जागी थांबले. पिंटोचं तोंड उघडं पडलं.

"अगेन," तो म्हणाला. देवराव पुन्हा बुडाले.

मध्यंतरानंतरच्या पहिल्याच गाण्यात, शेवटाला, पिंटोने ओठ सैल सोडले. सूर घसरू लागला. ढोलवाल्याला वाटलं उस्तादाला घेरी आली. तोही दचकून मंद झाला. नाचणारी जोडपी हळू झाली, मग डुलू लागली, मग एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभ्याउभ्या पेंगू लागली. एक वाढपी पिंटोच्या मागे खुर्ची धरून उभा राहिला. सूर विहिरीत गेला आणि पाण्याचा एक बुडबुडा यावा तसा 'बुळुक' करून थांबला.

मग अख्खं हॉटेल उठून उभं राहिलं.

"बोला था ना मैं!" हशमतअली ओरडले. नरसिंहम साहेबांनी रुमालाने डोळे टिपले. कर्नूलला परत गेल्यावर त्यांनी 'उतार' या विषयावर एक व्याख्यानही दिलं, असं कळलं.

देवराव निर्धास्त झाले. पण हुकूम काही निघेना. पहिले दोन दिवस साहेब म्हणाले, "हो गया समझो." मग म्हणाले, "हो जाएगा." मग, "इन्शाल्ला." शुक्रवारी सूर्यभान पेरूंची अख्खी टोपली घेऊन आले, आणि साहेब खिडकीबाहेर पाहत हळू आवाजात म्हणाले, "देखेंगे... देवराव... देखेंगे."

घरी येऊन देवरावांनी हे बायकोला सांगितलं, अगदी साहेबांच्या आवाजात. पार्वतीबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या.

"साहेबांनाही तुम्ही अर्धीच चावी दिलीत म्हणा की."

"म्हणजे?"

"काही नाही. रविवारी तो तुमचा पिंटो तबकडी ऐकायला येणार म्हणालात ना? साहेबांनाही बोलवा. मी चहा करते."

रविवारी दोघे आले. साहेब लोडाला टेकले. पिंटो फोनोच्या भोंग्यात तोंड घालून बसला. देवराव चावीकडे निघाले, तोच पार्वतीबाई पदर खोचून पुढे झाल्या.

"तुम्ही पाहुण्यांजवळ बसा. मी देते."

"अर्धीच हां!"

"घरी आलेल्या पाहुण्याला अर्धं भांडं पाणी देतात का?" म्हणत त्यांनी चावी फिरवायला घेतली आणि ती अडेपर्यंत फिरवली. देवरावांना डोळ्यासमोर शंकरराव दिसले.

तबकडी वाजू लागली. पिंटो गुरगुरला, विनवू लागला, चढला, आणि टोकावर जाऊन खाडकन थांबला. त्याच क्षणी फोनोच्या पोटात 'टण्ण' झालं. स्प्रिंग तुटली.

"देखो! हम बोला था ना!" पिंटो मांडीवर थाप मारून हसू लागला. "हम कभी उतरा नहीं!"

"तो फिर उतार?" साहेबांचा आवाज चिरका झाला.

पार्वतीबाईंनी चहाचे कप पुढे ठेवले. "उतार चावी का था, साब. हमारे घर में आधीच देते. आज आप आए बोल के पूरी दी."

हशमतअलींच्या डोळ्यांपुढे नरसिंहम साहेब उभे राहिले, रुमालासकट. पाठोपाठ कर्नूलचं व्याख्यान उभं राहिलं.

"ये बात," ते हळूच म्हणाले, "इस घर के बाहर..."

"मेरे मूँ से? तोबा!" पार्वतीबाईंनी कान पकडले. "पर हमारे इनो हैं ना, इनके पेट में कुछ रहताच नईं. इधर जामबाग में रहे तो मैं हूँ, मूँ पे हात रख देती. उधर बंबई में मैं किस-किस कू आवरूँ?"

साहेबांनी चहा एका घोटात संपवला. गरम होता, पण बोलले नाहीत.

"कल हुकुम निकलता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत निघाला. सूर्यभान मुंबईला गेले. तिथे पेरूंना हैदराबादेपेक्षा चांगला भाव असावा, कारण वर्षभरात ते देवरावांच्या दोन पायऱ्या वर चढले.

देवराव त्याचं दुःख करत बसले नाहीत. त्यांना खरा घोर होता फोनोचा. नवी स्प्रिंग बसवली, पार्वतीबाई रोज पुरी चावी देऊ लागल्या, आणि घरातल्या साऱ्या गवयांना एकाएकी शेवटपर्यंत जाग येऊ लागली. देवरावांना ते फार उद्धट वाटे. वडील मात्र एकदाही स्वप्नात आले नाहीत. बहुधा निम्म्या वाटेवर थांबत असावेत.

सालाच्या अखेरीस पिंटोची नवी तबकडी निघाली. देवरावांनी ती कोटी भागातल्या दुकानातून थेट घरी आणली आणि फोनोवर चढवली. पिंटो गुरगुरला, विनवू लागला, चढला. आणि शेवटाला सूर जिना उतरू लागला.

"अहो, चावी!" पार्वतीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"पुरी दिलीय!" देवरावांचा आवाज आनंदाने फाटला. "हा तोच उतरतोय गं! स्वतः! आता लोक त्याला दुसरं काही वाजवूच देत नाहीत म्हणे!"

पार्वतीबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी चावी चाचपून पाहिली. घट्ट होती. तबकडी नीट फिरत होती, आणि पिंटो विहिरीच्या तळाशी 'बुळुक' करून थांबला.

"आपली स्प्रिंग नीट झाली," त्या म्हणाल्या, "तर आता त्याची गेली. द्या ती तबकडी इकडं. लोणच्याची बरणी अजून उघडीच आहे."