म्हादू सशाचा नंबर

एका जंगलात, मुलांनो, डोळ्यांचा दवाखाना होता. डॉक्टर होते घुबडराव. दिवसा त्यांना स्वतःला उजेड सोसत नसे, म्हणून ते डोळे मिटून तपासत. पेशंट म्हणत, "केवढं लक्ष देऊन बघतात."

तपासून झाल्यावर कुणी नंबराची चिठ्ठी मागितली, की घुबडराव म्हणत, "डोळे तुमचे, नंबर आमचा." चष्मा दवाखान्याच्या दुकानातूनच घ्यावा लागे. तिथल्या सगळ्या फ्रेमा घुबडाच्या तोंडाच्या मापाच्या होत्या.

आता सशाचे डोळे असतात डोक्याच्या दोन बाजूंना. म्हादू सशाने तिथला चष्मा लावला, तर काचा नाकासमोर आल्या. नाकाला स्वच्छ दिसलं असेल, म्हादूला काही दिसेना.

"डॉक्टर, चिठ्ठी द्या," म्हादू म्हणाला. "सुतारपक्ष्याने माझ्या मापाची फ्रेम करून ठेवलीय. काचा बसवायच्या तेवढ्या राहिल्यात."

"होईल सवय," घुबडराव म्हणाले.

म्हादू तसाच घरी निघाला. वाटेत त्याला पिवळ्या गवताची गंजी दिसली. तो चरायला गेला. ती गंजी नव्हती.

म्हादूच्या धाकट्या भावाचं नाव भिवा. भिवा शाळेत फारसा गेला नव्हता. त्याचे पाय आधी निघत आणि विचार मागून येई. घरात दादाच्या वाटणीचा पाला सुकत पडला होता. भिवाने तो स्वतः खाल्ला नाही, कुणाला खाऊही दिला नाही. दादाने शेवटी मागितली ती चिठ्ठी. ती आणायचीच, म्हणून तो दवाखान्यात गेला.

काउंटरवर खारूताई होती.

"माझ्या दादाचा नंबर द्या."

"पेशंटला पाठव."

"पेशंट वाघाच्या पोटात आहे."

खारूताई आत जाऊन विचारून आली. "डॉक्टर म्हणतात, पेशंट स्वतः हजर पाहिजे. पोटात असला तरी चालेल."

शहाणा ससा घरी गेला असता. भिवा वाघाकडे गेला.

"वाघोबा, चला."

"कोण बोलतंय?" वाघोबाने डोळे बारीक केले. "मला वाटलं, दगड आहे. हल्ली नीट दिसत नाही बाबा. परवा एक ससा आपणहून तोंडाशी आला, म्हणून जेवण तरी झालं."

"तो माझा दादा."

"चांगला होता," वाघोबा म्हणाला. "मला धडकल्यावर 'माफ करा' म्हणाला."

"तो सगळ्यांनाच म्हणायचा," भिवा म्हणाला. "त्याच्या नंबराची चिठ्ठी दवाखान्यात राहिलीय. चला."

वाघोबाला आजवर कुणी कुठे चला म्हटलं नव्हतं. तो लगेच उठला.

दवाखान्यातली रांग क्षणात झाडावर गेली. घुबडरावांनी दिवसाढवळ्या पहिल्यांदाच डोळे उघडले.

"साहेब, फ्रेम दाखवू?"

"दोन चिठ्ठ्या," वाघोबा म्हणाला. "एक माझी आणि एक आतल्याची."

"देतो ना. पेशंटचा हक्कच आहे तो," घुबडराव म्हणाले आणि वाघोबाला तपासता तपासता दोन्ही लिहूनही मोकळे झाले.

भिवाला आकडे वाचता आले नाहीत. त्याने दादाची चिठ्ठी कानात दुमडून ठेवली.

वाघोबाला चष्म्याची घाई झाली. सुतारपक्ष्याकडे तयार फ्रेम एकच होती, म्हादूची. वाघोबाच्या नंबराच्या काचा त्याने तिच्यात बसवल्या आणि ती ताणून वाघोबाच्या डोक्यावर चढवली.

"वा," वाघोबा म्हणाला. "डावीकडचं पान न् पान दिसतंय. उजवीकडचंही. आता भूक लागली. पोरा, कुठे गेलास रे?"

भिवा त्याच्या नाकासमोर उभा होता. 'इथेच आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा विचार पायांच्या आधी आला. भिवा वाघोबाच्या नाकाच्या रेषेत मागे मागे सरकत घरी पोचला आणि चिठ्ठी दादाच्या पाल्यावर ठेवली.

वाघोबा अजूनही दोन्ही बाजूंना बघतो आहे.

तात्पर्य: नंबराची चिठ्ठी मिळणं हा प्रत्येक पेशंटचा हक्क आहे, आणि सोबत वाघ असेल तर ती लगेच मिळते. ज्याच्या ओळखीत वाघ नाही, त्याने आधी वाघाच्या पोटात जावं.